पीडीएफमध्ये न आलेली खोली

परवा शहाद्याला एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो... पेनड्राइव्ह मुठीत धरून. हरवला तर काय, ही धास्ती.

आम्ही लोणखेड्याला जुन्या घरामागे नवीन घर बांधतोय. मी सातवीपर्यंत शिकलेला, पण आयुष्यभर गवंडीकाम केलं, म्हणून नकाशा मीच काढणार म्हटलं. मुलानं कंप्युटरवर शिकवलं. प्रत्येक भाग वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर ठेवा, म्हणाला... तसंच केलं.

ओसरीला लागून माझी छोटी खोली काढली. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. खाटेवरून रस्ता दिसावा, एवढंच.

ठेकेदारासाठी पीडीएफ करायला एक्सपोर्ट दाबलं... सगळं घर आलं, माझी खोली नाही. स्क्रीनवर दिसते, फाइलमध्ये तिथे कोरी जागा.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. आपलंच चुकलं असणार म्हणून खोली पुसून नव्यानं काढली, तरी नाही. मुलाला सांगितलं, तर म्हणाला, बघू नंतर. पण पायासाठी जमिनीवर चुन्याची रेघ एकदा पडली की भिंत तिथेच उभी राहते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

दुकानातली बाई आधी हसली. तुमना कंप्युटरमा भूत शे का बाबा, म्हणाली. मग माउस फिरवत तिनं लेयरची यादी उघडली.

"बाबा, या लेयरनी छापानी खूण कोणीतरी काढेल शे. आपोआप नही निंघत ती." ती खूण नसली की तो भाग स्क्रीनवर दिसतो, पण फाइलमध्ये उतरत नाही.

घरच्या कंप्युटरला आम्ही दोघंच हात लावतो... मी आणि मुलगा.

संध्याकाळी त्याला विचारलं. मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "आप्पा, तुम्ही आते सुरतले ताईकडेच जास्त ऱ्हातस ना? तुमनी खोलीना जागावर गाडी उभी करसूत."

लेकीकडे मी गेलो होतो ते गुडघ्याच्या उपचाराला. राहायला नाही...

खूण परत लावून नवीन पीडीएफ मीच ठेकेदाराला पाठवली. भाऊंना विचारतो, असं त्याचं उत्तर आलं... भाऊ म्हणजे माझा मुलगा. आज सकाळी चुना पडला... मुलानं आधीच पाठवलेल्या फाइलप्रमाणे. मी तिथेच उभा होतो. रेघ सरळ होती, त्यात खोट काढता आली नाही.

घरात सगळ्यांना दिसतो, पण नकाशात नाही, असा झालोय मी. त्या बाईचे मात्र आभार... खूण कोणी काढली असेल, हे तिनं मला विचारलं नाही.