झाकून वाळवलेली धिंगरी

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. शिकवायला येणाऱ्या मॅडमनी आमच्या शेडाच्या दारावरचं गोणपाट उचललं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

सुप्याजवळच्या आमच्या गावात आम्ही गटातल्या बायका मिळून धिंगरी मशरूम पिकवतो. मशरूम दोन दिवसांत नासतं, पण शेडात घडलेली गोष्ट काही नासत नाही. एक सांगायला घ्यावी, तर तिच्या बुडाशी दुसरी फुटलेली असते. सांगताना हसू येतं, आणि हसून झालं की वाईट वाटतं.

*

शांताकाकू आमच्या गटाच्या अध्यक्ष. पिशवीत सोयाबीनचं भुसकट भरून बी घातलं की ते धरेपर्यंत अंधार लागतो, एवढं त्यांनी ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं. मग काय, त्यांनी शेडाची बाळंतिणीची खोलीच करून टाकली. फटी बुजवल्या, दाराला गोणपाट लावलं, आत जाईल तिनं मोठ्यानं बोलायचं नाही. पिशव्या आतून पांढऱ्याशिप्पट झाल्या तरी गोणपाट काही निघेना.

मॅडमनी ते उचललं तेव्हा आत हे लांबच लांब दांडे आलेले, आणि टोकाची छत्री म्हणाल तर शर्टाच्या बटणाएवढी.

"ह्ये मशरूम हाय का मुळ्याच्या शेंगा?" रमा म्हणाली. रमा माझी शेजारीण. तिच्या जिभेला हाड नाही.

मॅडम म्हणाल्या, "काकू, बी धरलं की उजेड आणि हवा द्यायची, सांगितलं होतं ना मी?"

"कवा?"

"तुम्ही चहा ठेवायला उठलात तेव्हा."

"मग चहा पिताना परत सांगायचं," काकू म्हणाल्या.

*

पुढच्या खेपेला उजेड दिला. खिडकीजवळच्या पिशव्यांवर मशरूम राखाडी, काळपट आलं. मागच्या रांगेत उजेड कमी, तिथं पांढरंफेक. रमाला वाटलं, खिडकीजवळचं नासलं. तिनं ते सगळं तोडून शेळीला घातलं. शेळीनं मिटक्या मारत खाल्लं.

मॅडम आल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या. "अहो, तेच चांगलं होतं. उजेड लागला की मशरूम स्वतःच्या अंगात रंग तयार करतं. रंगच काय, आणखी कायकाय तयार होतं. डोळ्यांना दिसत नाही एवढंच."

"मी जलमभर उन्हात खुरपते," रमा म्हणाली. "माझ्या अंगात काय तयार झालं मग?"

"तोंड," शांताकाकू म्हणाल्या.

*

हसायला मीही हसले. पण ते 'डोळ्यांना दिसत नाही' माझ्या डोक्यात राहिलं, कारण त्याच आठवड्यात रमानं माझ्या आरूकडे बघून दुसरं काहीतरी म्हटलं होतं.

आरू माझी लेक, तेव्हा अडीच वर्षांची. पिशव्यांच्या मधून चालत होती. रमानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिचे पाय गुडघ्यापाशी कमानीवानी दिसत्यात. दाखवून घे बाई."

मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तिला नगरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पायांचा एक्स-रेचा फोटो काढला. म्हणाले, ड जीवनसत्त्व फार कमी आहे, हाडं मऊ राहिलीत. मग विचारलं, "हिला ऊन दाखवता का?"

आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या, "छ्या. सव्वा महिना तर सोडाच, आजपातूर उन्हाची तिरीप लागू दिली न्हाई. बघा की, कशी दुधावानी हाय."

डॉक्टरांनी चिठ्ठी पुढं ओढली. थेंब लिहून दिले, रोज थोडं ऊन सांगितलं. दारातून निघताना मला एकटीला म्हणाले, "पाय सरळ व्हायला हवेत. नाही झाले तर पुढं ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

मी सातवीपर्यंत शिकले. झाडं उन्हात अन्न तयार करतात, हे पुस्तकात होतं. लेकराचं त्यात काही लिहिलं नव्हतं.

*

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मशरूम उन्हात वाळवलं की त्याच्यात हेच ड जीवनसत्त्व तयार होतं. थेंब बंद करायचे नाहीत हां, पण जोडीला खाऊ घाला."

सगळा गट कामाला लागला. शांताकाकू म्हणाल्या, "आरूच्या वाट्याचं मी स्वतः वाळवनार." आणि त्यांनी ते कुरडयांसारखं निगुतीनं वाळवलं. बाजेवर पसरायचं, वरून धुतलेलं जुनं लुगडं दुहेरी अंथरायचं, म्हणजे धूळ नको, माशी नको, आणि रंग काळा पडायला नको. पावडर झाली ती तांदळाच्या पिठीसारखी. मी ती थालीपिठात घालायचे, वरणात घालायचे. हिवाळाभर आरूनं खाल्ली. मी रोज अंघोळ घालताना तिचे गुडघे बघायचे, आणि रोज मला ते जरा सरळ झाल्यासारखे वाटायचे.

मग एकदा मॅडम वाळवण चालू असताना आल्या. लुगड्याचं टोक उचलून बघत राहिल्या.

"काकू, हे उन्हात कुठंय? हे सावलीत वाळतंय."

"अहो, बाज उन्हातच हाय की."

"बाज उन्हात आहे. मशरूम नाही. थेट ऊन लागल्याशिवाय ते तयार होत नाही."

काकूंनी पावडरचा डबा मांडीवर घेतला आणि झाकण उगीचच लावत-काढत राहिल्या. शेवटी काकूच म्हणाल्या, "पांढरं ठेवायच्या नादात गं. मशरूमबी, अन् पोरगीबी."

थेंब चालू होते म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. पण तो हिवाळा माझ्या मनातून जात नाही.

*

आता आम्ही काकूंच्या गच्चीवर उघड्यावर वाळवतो. मशरूम उताणं मांडायचं, छत्रीखालच्या पाकळ्या आभाळाकडे, तिकडून ऊन जास्त कामी येतं म्हणतात. आरू थोडा वेळ आमच्यात असते. पाय किती सुधारले, ते पुढच्या फोटोत कळेल. तोवर माझा जीव टांगलेलाच.

परवाची, दिवाळी सरल्यावरची गोष्ट. मी एक ओळ मांडून वळले, तर आरू मशरूमच्या ओळीतच उताणी पडलेली. फ्रॉक गुडघ्यांच्या वर घेतलेला, दोन्ही पाय आभाळाकडे.

"काय चाललंय गं?" रमानं विचारलं.

"मी पन वाळते."

तेवढ्यात आत्याबाई जिना चढून वर आल्या. त्या कधी गच्चीवर येत नाहीत. धापा टाकत सरळ आरूपाशी गेल्या, पदर हातात धरून. मला वाटलं, आता हिला झाकणार, आणि मला ऐकवणार.

आरू डोळे मिटूनच म्हणाली, "आज्जी, सरक ना. तुजी सावली पडती."

आत्याबाई सरकल्या. पदर हातातच राहिला. बराच वेळ त्या आरूच्या पायांकडे बघत उन्हात उभ्या होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवळामागच्या घरातली सून बाळंत झालीय म्हनं. जा, तिच्या सासूला सांगून ये. माझं नाव घेऊन सांग."