रेघ नसलेला चौकोन

नकाशाच्या कोपऱ्यात तो चौकोन एकटाच होता. कारखान्यातली प्रत्येक संगणक प्रणाली म्हणजे एक चौकोन आणि एकीची माहिती दुसरीकडे जात असेल तर मध्ये रेघ, असा नकाशा सॉफ्टवेअरमध्ये काढायचं काम माझ्याकडे आहे. या चौकोनाला एकही रेघ नव्हती. जबाबदार व्यक्तीचा रकानाही रिकामा.

"बंद करून टाका," आमचे साहेब म्हणाले. "कोण ओरडतं ते बघू." आमच्या कामात ही रीतच आहे. मी ती प्रणाली बंद केली.

दुसऱ्या दिवशी कँटीनच्या सुमनताई वर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. "मॅडम, रात्रपाळीला किती माणसं, त्याची चिठ्ठी दुपारी आमच्या मशिनमधून निघायची. काल निघाली नाही. अंदाजाने भात लावला. शेवटी आलेल्यांना नुसती आमटी उरली."

मी प्रणाली लगेच सुरू केली. कोण कशाच्या भरवशावर बसलंय, हे घरात किंवा सोसायटीतही कुणी लिहून ठेवत नाही. भात कमी पडेपर्यंत सगळं सुरळीतच दिसतं.

मी रेघ ओढली, पलीकडे कँटीन लिहिलं आणि रिकाम्या रकान्यासाठी ताईंचं पूर्ण नाव विचारलं.

"माझं नाव कशाला? परत बंद पडलं तर मलाच धरणार?"

"नाही. बंद करायच्या आधी तुम्हाला विचारणार."

"मग लिहा," त्या म्हणाल्या आणि नाव बरोबर पडतंय का ते बघायला पडद्याजवळ वाकल्या.