राजा तुमचा, लेक माझी: वलगाव ते बार्शीटाकळी

बैल जुंपून झाले, मी दमणीत चढून बसलो, म्हणजे आता मला पळता येणार नाही याची खात्री झाली, तेव्हा आमच्या घरच्यांनी, म्हणजे बायकोनं, दशम्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि शेवटची ताकीद दिली.

"राजा देऊन टाका अन् पोरगी घेऊन या. समजलं?"

ज्यांना समजलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमची गोदा बार्शीटाकळीला दिली आहे. घर चांगलं, जावई चांगला, इहीनबाई तर सोनं. इवाई, म्हणजे आमचे व्याही, तेही चांगले, पण त्यांना वाद घालायला आवडतं. मला तर फारच आवडतं. नातवाच्या बारशाला गेलो होतो, तेव्हा पंगतीत विषय निघाला की आज या वऱ्हाडाचा कारभार करायला जुन्या राज्यकर्त्यांपैकी कोणाला परत आणावं. मी म्हटलं, अहिल्याबाईंना. मी जातीचा माळी. वांगी, मेथी, झेंडू सगळं विहिरीच्या जिवावर. गावोगाव विहिरी बांधणारी सोडून मी दुसऱ्या कोणाचं नाव घेणार? इवाई काळ्या शिवाराचे धनी. ते म्हणाले, मलिक अंबर. काळीला एक धारा, बरडीला दुसरा. जमीन पाहून सारा लावणारा माणूस पाहिजे.

मी म्हटलं, "तुमचा मलिक अंबर माह्या वांग्याले पाणी देईन काय?"

ते म्हणाले, "तुमच्या अहिल्याबाई माह्या वावराची मोजणी करतीन काय?"

मी अर्धी पुरणपोळी टाकून उठलो. पुरण फार छान होतं, हे आजही आठवतं. इवाई मागून ओरडले, "मलिक अंबर कबूल केल्याशिवाय पोरगी माहेरी नाई!" त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या. गोदा आली नाही, मी गेलो नाही. आता घरच्यांचा हुकूम सुटला होता. तेव्हा निघालो. दमणी हाकायला पुतण्या किसन होता, तोही तीन लेकरांचा बाप, पण माझी टर उडवायची संधी तो सोडत नाही.

पेढी नदी पौषात गुडघ्याएवढीच असते, बैल खुशाल उतरतात. अमरावतीला मात्र सकाळी लवकर पोचा. उशीर केलात तर कापसाच्या बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगेमागे वेशीबाहेरच ताटकळाल. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी दोन भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसलेत म्हणे, तिकडचा कापूस अडला, त्यामुळे विलायतेला आपला लागतो. रस्त्याच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके असे लोंबतात, जणू बाभळच पिकली.

अंबादेवीला फुलं घेतली. फुलवाल्या म्हातारीला सहज विचारलं, "बाई, जुना राजा परत आणायचा तर कोणता आणाल?" किसननं कपाळाला हात लावला.

"भीमक राजा," ती लगेच म्हणाली. "आपल्या कौंडण्यपूरचा, रुक्मिणीचा बाप."

"काहून?"

"पोरगी याच देवळातून रथात बसून गेली, तरी त्यानं गपगुमान जावई म्हणून घेतलं ना! असा समजदार पुरुष पुन्हा कुठं दिसला नाई."

मी झेंडूचे पैसे दिले आणि दमणीत येऊन बसलो.

बडनेऱ्याला मुक्काम. इथे आगगाडीसाठी मातीचा लांबलचक बांध घालून राहिलेत. गाडी अजून यायची आहे, पण बघायला आलेल्यांची गर्दी आत्ताच जमते, आणि त्या गर्दीला भजी विकणारे त्याहून आधी आलेत. कडब्याच्या एका पेंढीला आणा मागतात, म्हणून बैलांचा चारा घरूनच न्या. सगळ्यांनी कापूस पेरला, ज्वारी पेरणारा कोणी उरला नाही. मग कडबा येणार कुठून?

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या वाटेवर मी तालीम सुरू केली. किसन इवाई झाला.

"इवाईबुवा, मलिक अंबर मोठा माणूस," मी म्हटलं.

"दात दुखून राहिला काय? खुशीनं म्हणा."

"मलिक अंबर लय मोठा माणूस!"

"आता मस्करी वाटून राहिली."

दुपारी बंडीवाल्यांच्या तळावर उतरलो. त्यांनी गोवऱ्यांत कणकेचे जाड रोडगे भाजले होते, वांग्याची भाजी होती. आग्रह करून वाढलं. जाल तेव्हा तुम्हीही लाजू नका, तूप मात्र स्वतःचं घेऊन जा. तिथे माझा प्रश्न मी तोंड उघडायच्या आत किसननंच टाकला आणि धुमाळी उडाली. एकाला रामराजा पाहिजे, एकाला नागपूरकर भोसले, एकाला देवगिरीचे यादव. गंमत म्हणजे, जो कोणी राजा आणे तो लगेच त्याच्या शेजारी स्वतःसाठी गादी टाके. एक म्हणे मी सेनापती, दुसरा किल्लेदार, तिसऱ्यानं तर खजिनाच घेतला.

"अन् बंडी कोण हाकलन?" त्यांच्यातल्या एका पिकल्या मिशीवाल्यानं विचारलं.

सगळे एकदम रोडग्यांकडे वळले.

बोरगाव मंजूच्या पुढे साहेबाचे मोजणीदार वावरात साखळी ओढताना दिसले. बांधावर एक शेतकरी हात जोडून उभा होता. "बरड हाय मालक, पहा ना, मुरूम हाय मुरूम," असं तो सांगत होता, आणि मोजणीदार साखळीच्या कड्या मोजत होते. आमची दमणी दूर गेली तरी त्याचं "पहा ना" ऐकू येत राहिलं. किसन म्हणाला, "काका, तालीम?" मी म्हटलं, "मलिक अंबर मोठा माणूस होता." किसननं वळून पाहिलं. या वेळी त्याला काही खोट काढता आली नाही.

अकोल्यात मोर्णेच्या काठी उतरा, पाणी आणि सावली दोन्ही मिळतं. बाजारात एका शेतकऱ्याच्या दमणीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव पाहिली. तो स्वतः दमणीत बसला नव्हता, चांदी झिजू नये म्हणून शेजारून पायी चालत होता.

चौथ्या दिवशी बार्शीटाकळी. इवाई ओट्यावरच होते. पायांवर पाणी आलं, गूळ आला. दाराआडून गोदा दिसली, कडेवर नातू. पोरगा चांगला वाढला होता आणि मला पाहून रडला. म्हटलं, आता उशीर नको.

"इवाईबुवा, तुमचं खरं. मलिक अंबरच आणला पायजे."

इवाईंचा चेहरा उतरला. "कोणी सांगतलं?"

"कोणी काहून सांगन? पटलं मले. वाटेत मोजणी पाहिली."

"पण मले आता अहिल्याबाई पटल्या ना!" ते उसळले. "औंदा सारी विहीर आटली. घरात कापसाचा ढीग अन् बैल तहानलेले. कापूस पाजू काय त्यायले? मी रोज म्हणतो, तो वलगाववाला बरोबर बोलत होता!"

आता शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं, माझ्याच अहिल्याबाई मला परत मिळाल्या होत्या. पण चार दिवस मी मलिक अंबराला घासूनपुसून आणलं होतं. मी म्हटलं, "विहीर खणली तरी धारा कोण बांधन?" ते म्हणाले, "धारा बांधून पेरसान काय, पाण्याबिगर?" मी गुडघ्यावर थाप मारली, त्यांनी अडकित्ता आपटला.

"अहिल्याबाई कबूल केल्याशिवाय पोरगी माहेरी नाई!" इवाई गरजले.

"नाई करत कबूल!" मीही गरजलो. आणि मग मला आठवलं की मी कशाला आलो होतो.

तोवर गोदा बाहेर आली होती. हातात बांधलेलं गाठोडं. ती आमच्या दोघांच्या मधून गेली, दमणीत चढली, पोराला मांडीवर घेतलं.

"बाबा, मामाजी, तुमचं दोघाइचं जमून राहिलं," ती म्हणाली. "माह्या मायचं तोंड मी दोन दिवाळ्या पाह्यलं नाई. तुमचा राजा ठरला की सांगावा धाडा. किसनदादा, जुंप."

"कोणाले इचारून?" इवाई म्हणाले, पण आवाज बसला होता.

"मले इचारून," आतून इहीनबाई म्हणाल्या. हात पुसत ओट्यावर आल्या आणि माझ्याकडे वळल्या. "दोन वर्सं हे इथं बसून वलगावच्या वाटेकडं पाहून राहिले, इवाईबुवा. गावात ह्याइच्या बोलण्याले सारे हाव-हाव म्हणून मान हलवतात. भांडाले कोणी नाई. पोरगी धाडली असती, तर तुमी कायले आले असते?"

इवाईंनी अडकित्ता बाजूला ठेवला. मी गुळाचा खडा तोंडात टाकला. मग ते उठले, किसनच्या हातून कासरा घेतला आणि बैल स्वतः जुंपले.

सुनेला गावाच्या शिवेपर्यंत पोचवतो म्हणून ते दमणीत बसले. शिवेवर विषय अर्धा राहिला होता, म्हणून अकोल्यापर्यंत आले. अकोल्याला म्हणाले, एवढं आलोच आहे तर बडनेऱ्याचा बांध बघतो. बांध पाहिला, भजी खाल्ली, आणि वलगावला पेढी उतरताना तेच बैल हाकत होते. गोदा रस्ताभर पोराला घेऊन निवांत झोपली.

काठावर तिची आई उभी होती. मी सांगायला गेलो, "राजा दिला, पण त्यायनं घेतलाच नाई." कोणी ऐकलं नाही. त्या दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या आणि नातू आता आजीला पाहून रडत होता.

ही वाट धरायची असेल तर पौष-माघात धरा, चारा आणि तूप घरचं न्या. सध्या इवाई माझ्या विहिरीच्या काठावर बसून वांग्यांना जास्त पाणी होतंय असं सांगताहेत. राजाचं अजून ठरलेलं नाही. बार्शीटाकळीला परत कधी निघायचं, ते काल रात्री आम्ही दोघांनी गोदाला विचारलं. ती म्हणाली, बघते.