खिळा तेवढा ठेवला

"अरेरे, तुम्ही साडी बदलून आलात?"

भंडाऱ्याच्या कलाकेंद्राच्या दारात केंद्र चालवणाऱ्या मॅडम माह्या मायले पहिलं वाक्य हे बोलल्या. नमस्कार नाही. या नाही, बसा नाही. माय पांढऱ्या साडीत उभी होती. चौदा एप्रिलच्या जयंतीले नेसते ते साडी. पेटीतून काढून, उशीखाली घडी दाबून, आमच्या चिखला गावावरून एसटीत सांभाळत आणली होती.

"फोनवर सांगितलं होतं ना, कामावरचीच नेसा म्हणून. प्रेक्षकांना ते जास्त भिडतं."

माय हासली. आपलीच चूक झाल्यावानी हासली. ते हासणं मले अजूनही सहन होत नाही.

माय खदानीवर मँगनीज निवडते, ठेकेदाराकडं. मी तुमसरच्या एका खाजगी शाळेत मास्तर. या कलाकेंद्रात महिन्यातल्या एका रविवारी पिक्चर दाखवतात. बड्या कंपन्यांचे नाही, पोट्टे स्वतःच्या हिमतीवर काढतात तसले. तिकीट नाही. फाटकावर बोर्ड आहे, सर्वांसाठी खुले. त्या बोर्डावर मी भाळलो होतो, खरं सांगतो. आपल्या जिल्ह्यात अशी एक जागा आहे, जिथं कोणी आडनाव न विचारता बसू देते, असं मी शाळेतल्या पोरांले सांगत होतो.

मग मॅडमच्या भाच्यानं खदानीतल्या बायांवर पिक्चर काढाचं ठरवलं. पुण्यात शिकून आलेला. माय तयार झाली. मी शाळेत असताना तो तिचं शूटिंग करून गेला. आणि आता तो पिक्चर भंडाऱ्यात लागला होता, मायचा पिक्चर. शेजारच्या बायांले सांगून आली होती ते.

समोरच्या खुर्च्यांवर 'राखीव' अशा चिठ्ठ्या होत्या. डॉक्टर, वकील, प्राध्यापक. मॅडमनं सतरंजी दाखवली.

"आजी, तुम्ही खालीच बसा. तुम्हाला सवय असेल ना, बरं वाटेल."

मॅडम मायच्याच वयाच्या. तरी आजी. पिक्चर जिचा, ते खाली. मी बी खाली बसलो, अन् गप बसलो.

पिक्चर सुरू झाला. आमचं घर दिसलं. मायनं माहा हात दाबला. "पाह्य, आपलं आंगन!" मग चूल दिसली. आमच्या घरी गॅस आहे. "शेगडी झाकाले लावली होती त्यायनं," माय कानात बोलली. तिले त्यात गंमतच वाटत होती. मग पडद्यावर माय आली. भिंतीले टेकून बसलेली, तोंडावर खदानीची काळी धूळ. मागं बासरीचं संगीत. मागची भिंत रिकामी. भिंतीवर एक खिळा.

मायचा हात सुटला.

"अरे, फोटो कुठी गेला?"

कोणाचा फोटो ते सांगाची गरज नाही. निळा कोट, हातात पुस्तक. आमच्या वस्तीत हरेक घरी आहे. छप्पनमध्ये आज्यानं दीक्षा घेतली, घरातले देव तलावात सोडले, त्यानंतर तो फोटो आमच्या भिंतीवर लागला. खदानीची धूळ सारखी बसते, म्हणून माय रोज कामावर जायच्या आधी हात धुऊन त्याची काच पुसते. ताप असला तरी पुसते. त्याच्याशिवाय घराबाहेर पाय काढत नाही.

"काच चमकते म्हनले," माय पुटपुटत होती. "जरासा वेळ काहाडतो म्हनले, खाटेवर उलटा ठेवला. मंग लावून पुन्हा शूटिंग घेतो म्हनले ना रे."

पिक्चर संपला. टाळ्या. पडद्यावर तेच भिंतीचं चित्र थांबवून ठेवलं अन् चर्चा सुरू झाली. मॅडम कौतुकानं बोलल्या, "त्या रिकाम्या भिंतीबद्दल सांग ना."

भाच्यानं केसातून हात फिरवला. "ती भिंत म्हणजे या माणसांचं आतलं रिकामेपण. यांच्याकडे ना विचार, ना स्वप्न, ना कुठला आधार. आहेत ते फक्त कष्ट."

पुन्हा टाळ्या. थू! आमचा विचार स्वतःच्या हातानं भिंतीवरून उतरवला, खाटेवर उलटा ठेवला, अन् आता भर सभेत सांगून राहिला का यांच्यापाशी विचारच नाही. अन् शिकलेसवरलेले माना हलवून राहिले.

मायनं हात वर केला. जन्मात कोणत्या सभेत तिनं हात वर केला नव्हता.

"अगंबाई, आजींना बोलायचंय! किती गोड!" मॅडमनं माइक दिला.

माय उभी राहिली. "त्या भितीवर फोटो होता. तुमीच काहाडला."

"आजी, ती फ्रेमची गरज होती."

"मंग खोटं कायले सांगता? रिकामी नोयती ते."

कोणीतरी खुदकन हासलं. मॅडम पुढं आल्या. "आपण प्रश्न घेऊया हं, तक्रारी नंतर." माइक मायच्या हातातून काढून घेतला. मायच्या नखातलं काळं साबणानं निघत नाही. मॅडमनं पर्समधून रुमाल काढला, माइक पुसला, आणि मग प्राध्यापकाले दिला.

सगळ्यायनं पाहिलं.

मी उठलो. पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. ते भिंत आता माह्या शर्टावर पडली होती.

"हा पिक्चर खोटा आहे. घर आमचं, भिंत आमची. रिकामी यानं केली."

"बाजूला व्हा," मॅडम ओरडल्या. "सगळ्यांना प्रवेश आहे म्हणून काय कुणीही..."

तिथंच थांबल्या.

"पूर्ण करा ना मॅडम. कोणीही म्हणजे कोण?"

हॉलमध्ये सारे खाली पाहत होते. मले वाटलं, मायले घेऊन निघावं. या घाणीत कायले बसाचं? मी हात पुढं केला, "चाल माय."

"मी काहून जाऊ?" माय म्हणाली. "सगळ्यायले खुलं हाय ना?" अन् पदर सावरून पहिल्या रांगेत गेली. एका खुर्चीवरची राखीवची चिठ्ठी काढली, बाजूले ठेवली, अन् बसली.

त्या भाच्यानं मले नंतर फोन केला. म्हणे, कला समजायला वेळ लागतो. मले समजली बाबू, बराबर समजली. पुढच्या महिन्यातल्या रविवारी तोच पिक्चर पुन्हा लावून राहिले. माय तो फोटो मांडीवर घेऊन पहिल्या खुर्चीत बसणार आहे. भंडाऱ्यात लागो, नागपुरात लागो, पुण्यात लागो, जिथं हा पिक्चर लागंल तिथं मी जाईन. ते भिंत आली का पडद्यासमोर उभा राहीन, अन् रिकामी कोणं केली ते सांगीन. मले माइक लागत नाही.