अंदाजाने घातलेला चुना

वेस्ट विंडसरला घर घेतलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. समोरच्या मित्राकडे गणपती होता. ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ न्यायचा, अशा पॉटलकला मी मागच्या अंगणातली, शंभर टक्के ऑरगॅनिक भरली वांगी नेली. मित्राने डब्याचं झाकण उघडलं आणि ओरडला, "अरे यार, ही वांगी की पूजेच्या सुपाऱ्या?"

सगळे हसले. माझी बायको सर्वांत मोठ्यांदा.

तिथेच ठरवलं. याच टेबलावर, याच माणसाच्या तोंडून माझ्या वांग्यांची तारीफ वदवून घ्यायची. नाही तर अंगणात गवत लावून मोकळं व्हायचं.

वसंतात माती तपासायला पाठवली. रिपोर्ट आला : माती आंबट, कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम कमी. मी बागेसाठीचा चुना आणला, खनिजांसाठी दगडाची पूड आणली, मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट आणलं. बायको म्हणाली, "अहो, घरातलं मीठ संपलंय ते आठवत नाही, आणि मातीला मीठ!" मुलगी खिडकीतून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट डर्ट."

चुन्याच्या पिशवीवर प्रमाण छापलेलं होतं. पण दिवसभर लॅबमध्ये मिलिग्रॅम मोजणारा मी घरी आलो की आईचा मुलगा होतो. आमच्याकडे मीठसुद्धा कोणी मोजलं नाही. मुठीने घातला चुना, आणि वर सूड म्हणून आणखी दोन मुठी.

जूनमध्ये पानं पिवळी पडली. चुना जास्त झाला की झाडांना जमिनीतलं लोह घेता येत नाही, हे तेव्हा वाचलं. त्या वर्षी गणपतीला मला अचानक ताप आला.

पुढच्या खेपेला मात्र स्वयंपाकघरातला वजनकाटाच अंगणात नेला. चुन्याचा उतारा म्हणून गंधक मोजून घातलं, कंपोस्ट घातलं, चुन्याला हात लावला नाही. वांगी अशी धरली, की काठ्या लावाव्या लागल्या.

गणपतीत मित्राने तीन वांगी खाल्ली. बोटं चाटली. मी पुढे सरकलो.

"वहिनी, मस्त झालीयेत! इंडियन स्टोअरमधून आणलीत ना? या वेळी तरी बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी उरलेला चुना त्याच्या दारात नेऊन ठेवला. त्याच्या टोमॅटोंची बुडं काळी पडत होती. कॅल्शियमची गरज त्यालाही होतीच. खोटं काहीच नव्हतं.

"थँक्स यार! किती घालू?"

"अंदाजाने घाल," मी म्हणालो. "आपण काय मोजून स्वयंपाक करतो?"

पुढच्या जूनमध्ये त्याचं अंगण हळदीच्या कार्यक्रमासारखं पिवळं झालं. ऑफिसला जाताना मी तिथे गाडी मुद्दाम हळू करायचो.

पण बायकोला त्याची दया आली. तो सगळा उन्हाळा ती रस्ता ओलांडून, "घ्या भावजी, घरचीच आहेत," म्हणत माझी वांगी पिशव्या भरभरून त्यालाच देत राहिली.