लेकराला झोपेत ठेवून निघायचं का?

मित्रांनो, आज सकाळी साडेदहाला मुलीला कडेवर घेऊन गावातल्या दोन्ही अंगणवाड्या बघायला निघालो. परवा पहाटे आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जाणार. तीन वर्षांची स्वरा आजीजवळ राहणार. म्हणून पिण्याचं पाणी, संडास, दाराची कडी, सगळं स्वतः तपासलं.

देवळाजवळची अंगणवाडी नवी आहे. रंगवलेल्या भिंती, भरपूर खेळणी, टाकीला झाकण. माझं जवळजवळ ठरलंच होतं.

दुपारी वस्तीवरच्या अंगणवाडीत पोचलो, तेव्हा खिचडी खाऊन पोरं आडवी झाली होती. एकच मुलगी भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटायचे, मान कलायची, की दचकून परत ताठ.

मी म्हणालो, "झोप की गं बाय."

"न्हाई. झोपलं की आई जाती."

सेविकाताई तिला डोकं टेकता यावं म्हणून शेजारीच मांडी घालून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "झोपेत ठिवून गेलेत आई-बाप तिला, साखर कारखान्याला. तुमी कधी निघताय, दादा?"

आम्हीही तसंच ठरवलं होतं. रडणं बघवत नाही, म्हणून आमच्याकडं सगळे तसेच निघतात.

स्वराचं नाव मी वस्तीवरच घातलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, स्वराला उठवून, सांगून जाऊ.

"ती गळ्यात पडल्यावर माझा पाय निघंल का? तुमीच सांगा मग तिला!" एवढं बोलून ती आत गेली.

तुमच्यापैकी कुणी लेकराला सांगून निघालंय का? काय सांगितलंत? उद्यापर्यंत लिहा.