बेबिच्चनच्या संशयातला शब्द

बेबिच्चन पहिल्यापासूनच संशयी. रबराच्या झाडाने एखाद्या दिवशी चीक कमी दिला, तरी तो आधी कुंपणापलीकडच्या थोम्मीकडे डोळे वटारून बघायचा. पण गेल्या ओणमनंतर त्याने ज्याच्यावर डूख धरला तो माणूसही नव्हता आणि झाडही नव्हतं. एक इंग्रजी शब्द होता.

तो शब्द आला आयर्लंडहून. बेबिच्चनची बायको जेन्सी तिकडे नर्स. लग्नाला सहा वर्षं झाली आणि त्यातली चार ती तिकडेच. आमच्या पाला गावाकडे हे काही नवं नाही. आधी बायको जाते, जम बसवते, मग नवऱ्याला बोलावून घेते. ज्याला बोलावणं येत नाही त्याच्याबद्दल गाव काय ते बोलतंच.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून बेबिच्चन घरी आला की फोन व्हायचा. त्या रविवारी जेन्सी म्हणाली, “इच्चाया, होपफुली पावसाळ्याआधी तुमचा व्हिसा होईल. तेवढं चर्चमधून लग्नाच्या दाखल्याचं बघा हं.”

“बघू,” बेबिच्चन म्हणाला. पण दाखल्याकडे लक्ष होतं कुणाचं! त्याचे कान त्या होपफुलीपाशीच अडकले होते. पूर्वी ही बाई सरळ ‘होईल’ म्हणायची. मग त्या ‘होईल’ला अचानक काय धाड भरली? पुढच्या रविवारी पुन्हा होपफुली, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

चहाच्या टपरीवर कुट्टप्पन टपूनच बसलेला असायचा. “काय बेबिच्चा, बायको आयर्लंडला आणि तू अजून रबराला? त्या चाक्कोचं ठाऊक आहे ना? त्यालाही त्याची बायको ‘लवकरच, लवकरच’ म्हणायची. बिचारा बॅग भरून ओसरीत बसलाय. बॅगेला बुरशी आली.”

सगळे खो खो हसले. बेबिच्चनने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठला. डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

चर्चच्या मागे ग्रेसम्मा टीचर परदेशी जाणाऱ्या नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवायच्या. ‘व्हिसासाठी भाषा हवी’ अशी लोणकढी थाप गावात सोडून बेबिच्चन तिथे जाऊन बसला. वर्गभर पोरी आणि त्यांच्यात ही एकटी मिशी. दोन दिवस त्याने दम काढला. तिसऱ्या दिवशी हात वर केला. “टीचर, होपफुली म्हणजे काय?”

“आशा आहे की,” टीचर म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं. ‘होपफुली पेशंट बरा होईल.’

बेबिच्चनने ते वाक्य दोनदा वाचलं. “मग झाला का बरा?”

“कोण?”

“पेशंट.”

“अहो, ते उदाहरण आहे! पुढचं मला काय ठाऊक?”

“म्हणजे मेलाही असेल?”

पोरी तोंडावर रुमाल धरून हसायला लागल्या. त्यांच्यातली एक, वॉर्डात काम करून आलेली, म्हणाली, “चेट्टा, खरं सांगू? आमचे डॉक्टर होपफुली म्हणाले ना, की आम्ही नातेवाइकांना फोन लावायला घ्यायचो.”

टीचरनी तिला दटावलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. 

रात्री कप्प्याचा उकडलेला कंद आणि मासळीचं लाल कालवण ताटात तसंच निवलं. एकच गोष्ट त्याला खात होती. आशा आहे, ठीक. पण कुणाची? जेन्सीची? सरकारची? त्या शब्दात तर कुणाचंच नाव नाही. एखाद्याने आपल्या अंगावर घ्यायचं नसेल तर याहून सोयीचा शब्द सापडायचा नाही! दुसऱ्या दिवशी पहाटे चिकासाठी रबराची साल काढताना त्याची सुरी खोल गेली आणि झाडाला जखम झाली. असली चूक त्याच्या हातून मिसरूड फुटल्यापासून झाली नव्हती. तो त्या झाडाला हात लावून बराच वेळ उभा राहिला.

रविवारी व्हिडिओवर फोन लागला तेव्हा तो तयारीतच होता. जेन्सी रात्रपाळी करून नुकतीच आलेली, डोळे सुजलेले. तिच्या मागे कुणीतरी पुरुष हसला.

“तो कोण हसला?”

“टीव्ही आहे, इच्चाया.”

“होपफुली टीव्हीच असेल!”

जेन्सीने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “हे काय बोलणं झालं?”

“तुझंच बोलणं. चार वर्षं ‘होईल’ म्हणत होतीस, आता होपफुली. मला सगळं कळतं. क्लासला जाऊन शिकलोय मी. यात आशा कुणाची ते सांग आधी!”

“माझी! दुसऱ्या कुणाची असणार?” ती एकदम कडाडली. “तुमची असती तर दाखला आला नसता? इथे नवीन मुली मला विचारतात, जेन्सीचेच्ची, होपफुली कधी वापरायचं? मी काय सांगते ठाऊक आहे? माझा नवरा ‘बघू’ म्हणतो ना, तेव्हा वापरायचं. दाखला? बघू. पासपोर्ट? बघू. मग ‘होईल’ मी कुठल्या तोंडाने म्हणू?”

बेबिच्चनने फोन या हातातून त्या हातात घेतला.

“खरं सांगा,” आता ती रडकुंडीला आली, “तिकडे कुणी आहे का?”

“मला? या मिशीवर?”

“मग का नाही निघत तुम्ही?”

त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. ओळीने झाडं उभी होती, चिकाच्या करवंट्या बांधलेली, एकूण एक त्याच्या ओळखीची. “भीती वाटते गं,” तो म्हणाला. “इथे मी कुणीतरी आहे. तिकडे तू मला बोटाला धरून बसमध्ये बसवणार. माझ्या हाताला ही एक सुरी सोडून काही येत नाही.”

“मग हे आधी बोलायला काय झालं होतं, माणसा!” जेन्सी रडता रडता ओरडली. “मी एकटी इथे काय काय समजून बसले होते!”

“दाखला आणायला आत्ता जातो,” तो म्हणाला.

“आत्ता की बघू?”

त्याने फोन ठेवला. चपला घातल्या आणि तो चर्चच्या वाटेला लागला. वाटेत टपरीवरून कुट्टप्पनने हाक मारली, पण त्याने मान वळवली नाही.

चर्चचे पाद्री, अच्चन, जेवायला बसणार इतक्यात बेबिच्चन दारात. दाखला मागितल्यावर अच्चननी चष्म्यावरून बघितलं. “आज बरी आठवण झाली! म्हणजे जायचं ठरलं तर?”

‘बघू’ अगदी ओठांवर आलं होतं. बेबिच्चनने ते गिळलं.

“ठरलं, अच्चो,” तो म्हणाला. दाराची चौकट मात्र त्याने घट्ट धरून ठेवली होती.